त्यागाचे गणित : महाराष्ट्रातला शिक्षक टिकला कशावर?

जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या दालनात भिंतीवर एक लाकडी फलक असतो. आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे आणि त्यांच्यापुढे 'पासून' व 'पर्यंत' असे दोन रकाने. कुठे एकाच नावापुढे वीस-पंचवीस वर्षे दिसतात, कुठे तीन वर्षांत तीन नावे. आपण नावे वाचतो आणि पुढे जातो. इतिहास त्या दोन रकान्यांमधल्या अंतरात असतो. तो माणूस इतकी वर्षे का राहिला, आणि दुसरा इतक्या लवकर का गेला?

मराठी शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा संस्थापकांचा इतिहास म्हणून लिहिला आहे. शाळा कोणी काढली, देणगी कोणी दिली, इमारत कधी उभी राहिली, हे तपशिलाने सापडते. वर्गात उभा राहणारा माणूस त्या नोकरीत कशामुळे टिकला, याची नोंद मात्र विखुरलेली आहे. आयोगापुढच्या निवेदनात, राजीनाम्याच्या पत्रात, शासन निर्णयात आणि संपाच्या बातमीत ती शोधावी लागते. हे तुकडे जुळवताना एक शब्द पुन:पुन्हा समोर येतो : त्याग. या शब्दाने मराठी शिक्षकाला मोठी प्रतिष्ठा दिली, आणि त्याच शब्दाने त्याच्या पगाराचा प्रश्न दीडशे वर्षे झाकून ठेवला. ते कसे घडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पंतोजी आणि दहा रुपये

इंग्रजी अमलापूर्वीच्या गावठी शाळेतल्या पंतोजीला नेमणूक नव्हती, बढती नव्हती आणि बदलीही नव्हती. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत शाळा भरे. मुलांच्या घरून थोडे रोख पैसे, धान्य, सणावाराला शिधा मिळे. पंतोजी टिकणे म्हणजे गावाने त्याला पोसणे. गाव रुसले, दुष्काळ पडला, की पंतोजी दुसरे गाव धरी. त्याच्या मिळकतीला शाश्वती नव्हती, पण त्याच्या डोक्यावर अधिकारीही नव्हता.

१८४० साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन आले आणि १८५४ च्या खलित्यानंतर, १८५५ साली, सरकारी विद्याखाते उभे राहिले. त्याबरोबर पंतोजीचा 'मास्तर' झाला. त्याला दरमहा पगार मिळू लागला, छापील पुस्तके आली आणि वर्षातून एकदा तपासणीला येणारे डेप्युटी आले. पगार ठरावीक झाला खरा, पण किती? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात याचे उत्तर आहे. प्राथमिक शिक्षकांचे पगार क्वचितच दहा रुपयांवर जातात, त्यांतले थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचे ज्ञानही बेताचेच आहे, असे जोतीरावांनी स्पष्ट लिहिले. पगार किमान बारा रुपये असावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, अशी त्यांची मागणी होती.

जोतीरावांचे हे निवेदन बहुजनांच्या शिक्षणाची मागणी म्हणून आपण वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षक चांगला कसा मिळेल आणि कसा राहील, याचा विचारही त्यात आहे, तो सहसा नजरेतून सुटतो. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये, असे ते म्हणतात. जो मास्तर गावात मिसळत नाही तो गावात रुजत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या मास्तराला पगाराखेरीज खास भत्ता द्यावा, असे ते सुचवतात. आणि पुढे आणखी एक सूचना करतात : गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामे मास्तराकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल.

पुढच्या काळात अनेक खेड्यांत शाळामास्तरच पोस्टमास्तरही झाला. पत्र वाचून दाखवणारा, मनिऑर्डरचे पैसे हातात ठेवणारा मास्तर ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची ओळखीची आकृती. आजचा शिक्षक 'अशैक्षणिक कामे' म्हणून ज्याची तक्रार करतो त्याच्याशी ही सूचना ताडून पाहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून इतर कामांना शिक्षक नेमण्यास मनाई केली आहे. जोतीरावांच्या सूचनेत जादा कामाबरोबर मानही येत होता. आज काम आले आणि मान वाटेत राहिला. शिक्षकाला काम जास्त होते एवढेच त्याचे दुखणे नसते. त्या कामाने आपण गावात मोठे झालो की लहान, हे त्याला कळते.

दहा रुपयांवर काम करणाऱ्या त्या खेड्यातल्या मास्तराला त्यागी मात्र कोणी म्हटले नाही. हे लक्षात ठेवूनच पुढच्या प्रकरणाकडे वळावे लागेल.

पुण्यातला प्रयोग

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू झाली. त्यानंतर त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीला झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. एका शिक्षकाचे नोकरी सोडणे मराठी इतिहासात इतके फलदायी दुसरे क्वचितच झाले असेल. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी सुरुवातीपासून होते, वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर पाठोपाठ आले. चिपळूणकर १८८२ साली वारले, पण शाळा वाढत गेली. १८८२ सालीच हंटर यांनी ती पाहून तिची वाखाणणी केली. योगायोग असा की, जोतीरावांच्या निवेदनावर जी तारीख आहे त्या दिवशी टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणातल्या १०१ दिवसांच्या शिक्षेत डोंगरीच्या तुरुंगात होते. २६ ऑक्टोबरला ते सुटले.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. या संस्थेचा कणा म्हणजे आजीव सभासद. त्याने वीस वर्षे संस्थेला द्यायची, ठरलेला माफक पगार घ्यायचा. फर्ग्युसनमध्ये तो दरमहा ७५ रुपये असा रूढ झाला. गोपाळ कृष्ण गोखले आपली मुदत भरून १९०२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा तीस रुपये पेन्शन मिळाले. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्याच साली याच शिस्तीत प्राचार्य झाले. सरकारी विद्याखात्यात यांच्यापैकी कोणालाही याच्या कितीतरी पट पगार मिळाला असता. म्हणून लोकांनी त्याला त्याग म्हटले, आणि ते खरेच होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. पंचाहत्तर आणि दहा. ज्याला पाचशे मिळू शकत होते त्याने पंचाहत्तर घेतले तर तो त्याग. ज्याला दहाच मिळत होते त्याने दहा घेतले तर ती त्याची लायकी. म्हणजे त्याग हा पगाराच्या आकड्यावरून ठरत नव्हता, माणसापुढे असलेल्या दुसऱ्या वाटेवरून ठरत होता. यात आजीव सभासदांचा मोठेपणा कमी होत नाही. पण पुढे 'शिक्षक म्हणजे त्यागी' असे सरसकट म्हटले जाऊ लागले, तेव्हा हा भेद पुसला गेला.

राजीनाम्याचे कारण

आजीव सभासद टिकले ते केवळ ध्येयवादाने, असे आपण मानतो. मग त्यांच्यातलाच एक संस्थापक दहा-अकरा वर्षांत का गेला? टिळकांनी १८९० च्या अखेरीस राजीनामा दिला, तोही सविस्तर कारणे लिहून. सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर यांच्यात फाटले, हे शालेय पुस्तकांतून सर्वांना माहीत आहे. पण संस्थेतला त्यांचा वाद बराचसा पगार, बाहेरची मिळकत आणि वेळ यांवरचा होता.

टिळकांचे म्हणणे असे की, आजीव सभासदाने आपला सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेला द्यावी. सर्वांना सारखे मिळावे, बाहेरून मिळकत करू नये. जेझुइट मिशनऱ्यांची शिस्त त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होती. उलट बाजूचे म्हणणे असे की, एवढ्या पगारात प्रपंच भागत नाही, तेव्हा तो वाढवावा, किंवा पुस्तके लिहून आणि इतर कामे करून सभासदाने चार पैसे मिळवले तर त्याला आडकाठी नसावी. टिळकांना घरची थोडी मिळकत होती. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर अत्यंत गरिबीतून वर आलेले, त्यात दम्याने पोखरलेले. सारख्या पगाराचे ओझे दोन्ही घरांवर सारखे पडत नव्हते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावरून वाद विकोपाला गेला आणि टिळक बाहेर पडले.

कोण बरोबर होते, याचा निवाडा करण्यात मला रस नाही. टिळकांना दिसत होते की एकदा सवलत दिली की शिस्त सैल होते. आगरकरांना दिसत होते की उपाशी शिस्त फार काळ चालत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हा वाद शिक्षकांनी शिक्षकांशी घातला. पगार किती, तास किती, पैसा कशावर खर्चायचा, हे सारे तेच बैठकीत बसून ठरवत होते. कमी पगार त्यांच्यावर कोणी लादलेला नव्हता. तो त्यांनी स्वत:च्या मताने ठरवला होता, आणि तो बदलण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती होता. आगरकर कुरबूर करीत का होईना, राहिले. १८९२ मध्ये ते प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, गेले. वीस वर्षांचे वचन पूर्ण करायला त्यांना आयुष्य पुरले नाही.

टिळकांच्या जाण्याने रिकामी झालेली गणिताची जागा १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांना मिळाली. ते १९१४ पर्यंत राहिले. फर्ग्युसनमध्ये शिकवता शिकवता त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला. रोज तास घेऊन हिंगण्याची वाट पायी तुडवणारे कर्वे आपल्याला ठाऊक आहेत. बाहेरच्या कामावरून टिळकांसारखा माणूस जिथून गेला, तिथेच बाहेरचे एवढे मोठे काम करीत कर्वे दोन तपे टिकले. म्हणजे बाहेरचे काम शिक्षकाला शाळेपासून तोडतेच असे नाही. ते त्याच्या श्रद्धेचे असेल आणि संस्थेला मान्य असेल, तर तेच त्याला बांधूनही ठेवते.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यागाचा हिशेब शिक्षकाच्या नावावर मांडला जातो, पण भरणा बऱ्याचदा घरातून होतो. आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र याची साक्ष आहे. विम्याची रक्कमसुद्धा आश्रमाला जाते आणि घरातल्या बाईला पुढची चिंता पडते. बायांनी स्वत: सुइणीचे शिक्षण घेतले, ते स्वत:च्या पायावर उभे राहण्यासाठी. ध्येयवादी शिक्षकांच्या घरांत अशा किती बाया असतील! त्यांतल्या फार थोड्यांनी लिहिले.

आणखी एक नोंद. खुद्द डेक्कन एज्युकेशन सोसायटीतही सगळे शिक्षक आजीव सभासद नव्हते. त्यांच्या खाली पगारी शिक्षकांची फळी होती. त्यांच्या पगाराचा निर्णय दुसरेच करीत. पुढे महाराष्ट्रभर या संस्थेच्या नमुन्यावर शाळा उभ्या राहिल्या. त्या शाळांनी आजीव सभासदांची भाषा उचलली, पण त्यांचा बहुतेक शिक्षक त्या दुसऱ्या फळीतलाच राहिला. त्यागाची अपेक्षा सर्वांकडून झाली, मत मात्र थोड्यांना मिळाले.

बहुजनांच्या शाळेत

विसाव्या शतकात चित्र रुंदावले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डे आणि नगरपालिकांच्या हाती गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा तलाठी होईल, कारकून होईल किंवा मास्तर होईल. पहिल्या दोन ठिकाणी जमले नाही तर तिसरे. मास्तरकीला पसंती मिळण्याचे ठिकाण खालचेच राहिले.

याच काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आले. मराठी मनातली आदर्श शिक्षकाची मूर्ती त्यांची आहे. छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणारे, अंथरुणे आवरणारे, 'विद्यार्थी' मासिक काढणारे गुरुजी. पण त्यांचा शिक्षकी काळ १९२४ ते १९३० एवढाच, सुमारे सहा वर्षांचा. सत्याग्रहाची हाक आली आणि ते गेले. याचा अर्थ असा की, आपण किती वर्षे टिकला यावर शिक्षकाचे मोल ठरवत नाही, आणि ठरवूही नये. मात्र शाळा चालते ती सहा वर्षांच्या गुरुजींइतकीच तीस वर्षांच्या अनामिक मास्तरांवर. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या प्रयोगात शिक्षक टिकवण्याचे एक वेगळेच उत्तर होते. जे मूल वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका' करीत शिकले, तेच पुढे शिक्षक होऊन आले. नांगराची मूठ धरायला न लाजणारा शिक्षक, ही जोतीरावांची कल्पना इथे प्रत्यक्षात उतरली. मुंबई सरकारने १९४८ च्या सुमारास संस्थेचे अनुदान रोखले, तेव्हाही संस्था मोडली नाही. तिचे शिक्षक नोकरीला आलेले नव्हते, ते घरी परतलेले होते. तथापि कृतज्ञतेलाही मर्यादा असते. पहिल्या पिढीला संस्थेने घडवले होते, त्यामुळे ती झिजली. तिसऱ्या पिढीतला शिक्षक जाहिरात वाचून येतो. त्याला कृतज्ञतेची आठवण देऊन कमी पगारावर ठेवणे न्याय्य ठरत नाही.

'कायम' या शब्दाचे दोन अर्थ

स्वातंत्र्यानंतर खासगी संस्थांच्या माध्यमिक शाळा गावोगावी निघाल्या. त्यांतल्या कित्येक चांगल्या चालल्या. पण सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, मे महिन्यात नोकरी संपवायची आणि जूनमध्ये पुन्हा नेमायचे, असेही प्रकार सर्रास होते. या मनमानीला लगाम घातला तो १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमांनी. दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर शिक्षक कायम. चौकशीशिवाय काढता येणार नाही. काढले तर शाळा न्यायाधिकरणात दाद. त्याच सुमारास, डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या चोपन्न दिवसांच्या संपात शिक्षकही उतरले. गुरुजी संपावर गेले म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या. त्यागाच्या भाषेत वाढलेल्या समाजाला गुरुजींनी पगार मागावा, हेच खटकले. पण माझे मत असे आहे की, मराठी शिक्षक सर्वांत जास्त टिकला तो या कायद्यानंतरच्या वीसेक वर्षांत. एकाच शाळेत भाऊ, बहीण आणि मग त्यांची मुले शिकवणारे सर याच काळातले. ते सगळे संत नव्हते. त्यांच्या खिशात पुढच्या महिन्याचा पगार होता, आणि आपल्याला उद्या कोणी हाकलणार नाही याची खात्री होती. एवढ्यावर माणूस चांगले शिकवू लागतोच असे नाही. परंतु एवढेही नसेल तर चांगला माणूससुद्धा शिकवण्यात मन घालू शकत नाही.

मग २००० साल उजाडले आणि 'शिक्षणसेवक' हा शब्द आला. तीन वर्षे ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. तेव्हा ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. नाव पाहा : सेवक. पगाराला मानधन, नोकरीला सेवा. आजीव सभासदांची सगळी शब्दसंपत्ती शासनाने उचलली, फक्त सभासदत्व वगळले.

पाठोपाठ २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले. मराठी शिक्षकाच्या आयुष्यात 'कायम' हा सर्वांत गोड शब्द होता. 'कायम झालो' म्हणत त्याने घरी पेढे नेले होते, त्यावर त्याचे लग्न ठरले होते. तोच शब्द आता शाळेच्या मागे लागला आणि त्याचा अर्थ झाला, या शाळेला अनुदान कधीही मिळणार नाही. जुलै २००९ मध्ये तो शब्द शासनाने वगळला. २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान येऊ लागले. तोवर कितीतरी जणांची उमेद आणि चाळिशी दोन्ही सरली होती. दरम्यान १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना गेली. कनिष्ठ महाविद्यालयांत आणि महाविद्यालयांत 'तासिका तत्त्व' रुळले. गोखल्यांना १९०२ साली तीस रुपये का होईना, ठरलेले पेन्शन होते. मार्च २०२३ च्या संपातल्या शिक्षकाची मागणी याहून वेगळी नव्हती. उद्याचा आकडा आज माहीत असावा, एवढीच ती होती.

मत कोणाचे?

एक प्रश्न उरतो. पगार आणि शाश्वती यांनी सगळे सुटते का? राज्यघटनेच्या कलम १७१ ने विधान परिषदेत शिक्षकांना प्रतिनिधित्व दिले. महाराष्ट्रात असे सात आमदार आहेत. पण हे मत माध्यमिक व त्यावरच्या शिक्षकांचे आहे, प्राथमिक शिक्षकाला ते नाही. जोतीरावांच्या दहा रुपयांच्या मास्तराचा वारस तिथेही दाराबाहेरच राहिला. शाळेच्या पातळीवर २००९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या. उरलेल्या चौथ्या हिश्शात इतरांबरोबर शिक्षकही आहे. कोणते पुस्तक, कोणती चाचणी, कोणते ॲप, कोणता उपक्रम, कोणत्या दिवशी कोणता अहवाल, हे बहुधा वरून येते. वर्गात त्याला काय दिसते, हे विचारण्याची सोय फारशी कुठे नाही.

फर्ग्युसनच्या त्या बैठकांकडे मी म्हणून पुन:पुन्हा वळतो. तिथे भांडणे झाली, मने दुखावली, टिळकांसारखा माणूस गेला. पण जो राहिला तो आपल्या शाळेत राहिला, दुसऱ्याच्या नव्हे. त्याने कमी घेतले ते स्वत:च्या मताने घेतले. शिक्षकाकडून त्याग मागण्याचा अधिकार फक्त त्याच्या सहकारी शिक्षकाला असतो, आणि तोही एकाच पाटावर बसून. सरकारने, संस्थाचालकाने किंवा आपण पालकांनी तो मागितला, की त्याचे नाव बदलते. मग ती फक्त कमी पगाराची नोकरी असते, आणि तशी नोकरी माणूस दुसरी मिळाली की सोडतो. त्यात त्याचा दोष नाही.